कोणाच्या हस्ते?

माणसाची ओळख पायांवरून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. महाडच्या शाळेत माझी बदली झाली आणि खोली बघायला मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या सँडलकडे बघत म्हणाले, "टाच आतल्या अंगानं झिजलीय. मास्तरीण काय? फळ्यापुढं उभं राहून अशीच झिजते."

मी 'हो' म्हटलं आणि मनात म्हटलं, ही खोली काही आपण घ्यायची नाही. तेवढ्यात आतून त्यांची बायको बाहेर आली. "त्यांचं मनावर नको घेऊ, बाई. निकाहाच्या दिशी माजं तोंड बघायच्या आधी माझ्या चपला बघितलेल्या यांनी. अजून सांगतात, लाल होत्या म्हणून." आणि ती इतकी मोकळी हसली, की मी खोली घेतली. पुढची चार वर्षं तिथेच राहिले.

सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले आणि ती आपोआप चाची झाली. दारावर पाटी होती, पण ते नाव घेऊन कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

चाचांनी बावीस वर्षं आखातात काढली होती, एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून. साठ माणसं एका बराकीत राहायची आणि दारात साठ जोड निघायचे. कोण कामावरून आलं, कोण आजारी आहे, कोण रुसून बाहेर फिरतोय, हे चाचा दारातूनच सांगत. ती सवय महाडला आल्यावरही सुटली नाही. माझे यजमान साताऱ्याहून भेटायला येत, तर चाचा ओट्यावरूनच आत हाक देत, "अगो, चा जास्ती टाक. बाईंच्या घरचे काळे बूट आले." यजमान समोर उभे असत, पण चाचांच्या लेखी आलेले असत ते बूट.

गोदाम तर त्यांनी घरीच आणलं होतं. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर चिठ्ठी होती. डाळ कधी आली, कोणी आणून दिली, डबा कधी उघडला. मी एकदा वाटीभर साखर परत करायला गेले, तर चाचांनी ती हातात घेऊन खरोखरच विचारलं, "कोणाच्या हस्ते?"

"माझ्याच हस्ते, चाचा. मीच उभी आहे ना समोर!"

"तसं नाय. दुकानातनं घरात कोणाच्या हस्ते आली?"

चाची आतून ओरडली, "अवो, साखर हाय ती! पासपोर्ट मागू नका तिचा."

या "कोणाच्या हस्ते"ला एक इतिहास होता. चाचा तिकडे असताना फोन महाग होता आणि पत्र लिहिता येणारे थोडे. चाचांनी कॅमेरा घेतला होता. शुक्रवारी सुट्टी. आसपासच्या बराकींमधली आपल्याकडची माणसं अंघोळ करून, केसांना तेल लावून रांगेने येत आणि कॅमेऱ्यापुढे बसून घरच्यांशी बोलत. एका कॅसेटमध्ये दहा-बारा घरांचे निरोप मावत. मग जो कोणी सुट्टीवर निघेल, त्याच्या हाती ती कॅसेट दिली जाई. तो महाडला, पोलादपूरला, जिथे कोणाकडे व्हीसीआर असेल तिथे ती लावी आणि दहा-बारा घरची माणसं एकत्र बसून बघत. कॅसेट कोणा एकाची नसे, सगळ्यांची असे. म्हणून तिच्यावर लिहायचं ते एकच नाव, ती नेणाऱ्याचं. हस्ते अमुक.

मी राहायला गेले त्याच्या आधी महाडला मोठा पूर येऊन गेला होता. चाचांच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर पाण्याची रेघ होती आणि चाची तिला रंग लावू देत नसे. त्या पुरात घरोघरच्या कॅसेटी चिखलात गेल्या. चाचांकडे मात्र माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या भरून कॅसेटी कोरड्या राहिल्या. लोक ज्या बघून झाल्यावर त्यांच्याकडे परत आणून टाकत, त्या सगळ्या. सुट्टीवर येऊन चाचांनी टिपलेली निम्म्या तालुक्याची लग्नं, सुंता, आणि तिकडचे निरोप, सगळं त्या दोन पेट्यांत. पुराने चाचांना असा धसका दिला, की त्यांनी पुतण्याला कॉम्प्युटरसकट महिनोन् महिने घरात बसवून घेतलं आणि एकेक कॅसेट त्यात उतरवली. काम झाल्यावर पुतण्या कॉम्प्युटर घेऊन पुण्याला गेला. मागे उरल्या दोन वस्तू, दोन्ही मुलाने दोह्याहून पाठवलेल्या. माळ्यावर एक काळी पेटी, जिच्यात सगळ्या फायली साठवलेल्या. आणि खाली टीव्हीशेजारी एक सेट-टॉप बॉक्स, जो त्या फायली पडद्यावर दाखवायचा. मध्ये जिन्याच्या कडेने खिळे मारत आणलेली निळी वायर.

वरच्या पेटीला चाचा 'कणगी' म्हणत आणि खालच्या बॉक्सला 'डबा'. कणगीत भात साठवायचं, डब्यानं काढायचं. शेजारपाजाऱ्यांना पहिल्यांदा वाटलं, चाचांनी फुकटात सगळी चॅनेलं बघायची युक्ती काढली. दोघे-तिघे क्रिकेट बघायला येऊन बसले. चाचांनी त्यांना कोणाच्या तरी चुलत भावाचं लग्न पूर्ण तीन तास दाखवलं. पुन्हा कोणी क्रिकेटचं नाव काढलं नाही.

त्यांचे नियमच तसे होते. चपला बाहेर काढून बसायचं. कॅसेट लागली की शेवटापर्यंत बघायची, आपलं माणूस येऊन गेलं म्हणून उठायचं नाही. पुढे ढकलायचं नाही, मागे घ्यायचं नाही. रिमोटच्या त्या दोन बटणांवर त्यांनी इलेक्ट्रिकची काळी टेप चिकटवून टाकली होती आणि रिमोट तर कोणाच्या हाती देतच नसत. मी एकदा म्हटलं, "अहो चाचा, लोकांना कामं असतात."

"घाई विमानतळावर करावी, बाई. इकडे नाय," ते म्हणाले. "दहा जणं बोललीत. एकाला ऐकून नवांना ढकलायचं, हे बरोबर हाय?"

सगळ्यात कडक नियम म्हणजे कणगीतला माल घराबाहेर जायचा नाही. बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा आपल्या आईबापांच्या लग्नाची सीडी मागायला आला होता. चांगला नम्र मुलगा. चाचांनी त्याला चहा पाजला, अख्खं लग्न दाखवलं, पण सीडी दिली नाही. तो गेल्यावर मी जरा तणतणलेच. त्याच्याच आईबापांचं लग्न आणि यांची मालकी कसली!

"त्याच्या आईबापाचं हाय, खरं हाय," चाचा म्हणाले. "पण त्या लग्नात तीस बायका हायत. कोणाची बहीण, कोणाची सून. त्यांनी माझ्या भरवशावर तोंडं दाखवलीत. सीडी एकदा बाहेर गेली की पानाच्या ठेल्यावर लागंल, आणखी कुठं लागंल. मी स्टोअरकीपर हाय. माल आला तसा ठेवायचा आणि गेटबाहेर सोडायचा नाय."

माणूस विक्षिप्त असला की त्याचं सगळंच विक्षिप्त असणार असं आपण धरून चालतो. तशी मीही चालत होते.

आता वनिताबाईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या शाळेत शिपाई होत्या. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूच्या एका वाडीतल्या. अंगाने काटक, बोलणं कमी. नवरा लग्नानंतर तीनच महिन्यांनी आखातात कामाला गेला आणि दुसऱ्या वर्षी तिकडेच तापाने वारला, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो तिकडे निघाला तेव्हा मुलगा पोटात होता. तो मुलगा आता मुंबईला एका बेकरीत कामाला होता आणि सुट्टीवर आला की आईला भेटायला शाळेत येई. हसला की त्याचा एक डोळा मिटल्यासारखा बारीक होई. फार गोड दिसायचा हसताना. वनिताबाई मात्र त्याच्या पाठीत धपका घालून म्हणत, "बगा बाई, कसा येड्यावानी हासतो. कुनावर गेलाय कोन जाने. आमच्या घरात असं कोन हासत नाय."

एक दिवस मधल्या सुट्टीत मी चाचांच्या गमती सांगत होते. सगळे हसले. वनिताबाई कपबशा गोळा करत होत्या, त्या हसल्या नाहीत. दोन दिवसांनी मी एकटी असताना जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, त्या चाचांकडं आमची कॅसेट आसंल का वो?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी अजून विसरलेले नाही. नवऱ्याचा निरोप असलेली एक कॅसेट आली होती. पोलादपूरला बाजारात एका व्यापाऱ्याच्या घरी ती लावली. वाडीवरून सासऱ्यांबरोबर त्या चालत उतरल्या होत्या, सहावा महिना चालू होता. खोलीत सासरे, गावचे म्हातारे, परकी माणसं. सगळे टीव्हीकडे बघत होते. आणि नवरा पडद्यावर आला तेव्हा वनिताबाईंनी मान खाली घातली.

"का?" मी विचारलं. शहाण्यासारखा प्रश्न!

"का म्हंजी? सासरा बसलेला ना पुढ्यात. त्याच्या देखत नवऱ्याकडं बगायचं का टकामका? रीत नाय ती. म्या पदर वढला नि ऐकलं नुसतं. मनात म्हनलं, घरी येतील तवा बगू." मग त्या म्हणाल्या, "लग्नाला तीनच म्हयनं झालं व्हतं ते गेले तवा, त्यातबी भरल्या घरात मान खालीच. पासपोर्टचा एक फोटू हाय. त्यात हासायचं नसतं. आता डोळ्यांम्होरं तो फोटूच येतो, मानूस येत नाय. एकदा मान वर करून बगायचं व्हतं, बाई. मग काय नको."

मी त्या संध्याकाळीच चाचांना सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न कोणता विचारला असेल ते सांगायला नको.

आणि तिथेच घोडं अडलं. कणगीतल्या फायलींना नावं होती ती फक्त नेणाऱ्यांची. नेणारा कोण हे ठाऊक असलेले सासरे केव्हाच वारले होते. शेकडो फायली, एकेक दोन-तीन तासांची, आणि पुढे ढकलणं चाचांना हराम. "शुक्रवारी रांग लागायची, बाई," ते खिन्न होऊन म्हणाले. "मला तो माणूस आठवत नाय. आठवायला हवा होता."

शुक्रवारी नमाज झाल्यावर वनिताबाई आल्या. दाराबाहेर चपला काढल्या, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून अगदी टोकाला बसल्या. चाचांनी त्यांच्या पायांकडे बघतच विचारलं, "कॅसेट घेऊन आला तो माणूस दिसायला कसा होता, पोरी?"

"त्याला बगितलाच नाय, चाचा. मान खालीच व्हती माजी."

"मग काय बघितलंस?"

"पाय," वनिताबाई म्हणाल्या. "टीवी लावायला माझ्याम्होरंच हुबा व्हता. बूट घालूनच आला व्हता घरात. तपकिरी बूट. एका बुटाची नाडी काळी व्हती."

चाचा ताडकन उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "उजव्या बुटाची! अगो, ऐकलंस काय? नाते गावचा ड्रायव्हर तो! निघायच्या दिशी नाडी तुटली त्याची. स्टोअरमधी तपकिरी संपली होती, मी काळी दिली. म्हटलं, घरी कोण बघतंय तुझे बूट!"

"बगितले ना आम्ही," वनिताबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

फाईल मिळाली. चाचांनी ती लावली. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला, आवाज सुरू झाला. कोणी एक जण सलाम करून आईची तब्येत विचारत होता. पडदा काळाच होता. चाचांनी टीव्हीला थापट्या मारल्या, वायर काढून घातली, जिना चढून कणगी बघून आले. आवाज स्वच्छ, चित्र नाही. पुढे दुसरा बोलला, तिसरा बोलला. मग चौथा आवाज आला आणि वनिताबाईंच्या बांगड्या वाजल्या.

तो आवाज घाबरत घाबरत बोलत होता. आबांना नमस्कार. म्हशीचं काय, पडवीचा पत्रा घातला का, फणसाला किती फणस लागले. मग बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आनि आबा, समदं दूध इकू नका. थोडं घरात ठिवा."

त्यावर कॅमेऱ्यामागून तरुण चाचांचा आवाज आला, "कोणासाठी रे?"

आणि तो हसला. खूप वेळ हसला. मग पाचवा माणूस बोलू लागला.

चाचा रिमोट हातात धरून काळ्या पडद्याकडे बघत होते. "आवाज हाय, माणूस नाय," ते पुटपुटले.

वनिताबाईच त्यांची समजूत घालू लागल्या. "आसू दे, चाचा. तवा बी आसंच झालं व्हतं. आवाजच ऐकला व्हता." मला इतकं भडभडून आलं, की मी चहाचं निमित्त करून आत गेले. चाची चुलीपाशी डोळे पुसत होती.

चाचांनी आपल्या मुलाला दोह्याला फोन केला. त्याने सांगितलं, पुतण्याने सुरुवातीच्या काही कॅसेटी वेगळ्या पद्धतीने उतरवल्या होत्या. डब्याला त्यातला आवाज कळतो, चित्र कळत नाही. मी म्हटलं, सोपं आहे, पेटी शाळेत नेऊ, तिथल्या कॉम्प्युटरवर दिसेल. चाचांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे, असं बघितलं की मी पुढे बोललेच नाही. कणगी घराबाहेर जाणार नव्हती.

दुसरा उपाय मुलानेच सांगितला. डब्यासाठी नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते पेन ड्राइव्हवर घेऊन डब्यात घालायचं. अर्धा तास लागतो. पण त्या अर्ध्या तासात वीज गेली तर डबा कायमचा बंद पडेल आणि तसला डबा आता मिळत नाही.

तेव्हा महाडला भारनियमन होतं. वीज जाण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि ठरलेल्या वेळांखेरीजही ती जाई. आणि चाचांचा जन्माचा नियम, चालत्या वस्तूला हात लावायचा नाही. ते चार दिवस घुम्यासारखे होते. मला त्यांचा राग आला. एका बाईचा जन्म गेला आणि यांना एका डब्याची पडलीय, असं मी चाचीला बोलूनही दाखवलं. चाचीने मला खाली बसवलं.

"दर शुक्रवारी संध्याकाळी ते मला काय लावून देतात, ठाव हाय?" ती म्हणाली. "माझ्या अम्मीची कॅसेट. धाकट्या भावाच्या लग्नातली. अम्मी ताट घेऊन चालत येते आणि कॅमेऱ्याला म्हणते, हट तिकडं. तेवढंच हाय. डबा गेला तर ते पण गेलं. म्हणून गप हायत ते. डब्यासाठी नाय."

माझी मला लाज वाटली. रागाच्या भरात आपण किती सहज बोलतो.

पाचव्या दिवशी चाचांनी शेवटी बायकोला विचारलं. मी तिथेच होते. म्हणाले, "लावू काय? अम्मीचं बघ."

चाची तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "अम्मी माझ्या ध्यानात हाय. मी बघितलंय तिला डोळं भरून. त्या पोरीनं बघितलेलं नाय. लावा तुमी."

रविवारी दुपारी वीज आल्या आल्या चाचांनी डब्यात पेन ड्राइव्ह घातला. शाळेतल्या कॉम्प्युटरवरून मीच तो भरून आणला होता, आणि घरात शिरताना त्यांनी तेवढ्यातही विचारलंच, "कोणाच्या हस्ते?" मी म्हटलं, "माझ्या." त्यांनी मान डोलवली. पडद्यावर एक पट्टी भरू लागली, मुंगीच्या पावलाने. चाची माळ ओढत बसली. चाचा पंख्याकडे बघत उभे होते, कारण वीज जायची झाली की आधी पंखा सांगतो. निम्मी पट्टी भरली तेव्हा पंखा मंदावला. इतका मंदावला की पाती मोजता यावीत. चाचांनी डोळे मिटून घेतले. मग पंख्याने पुन्हा वेग धरला. पट्टी भरली, डबा बंद होऊन आपणहून सुरू झाला आणि चाचांनी पहिली फाईल लावली ती अम्मीची. अम्मी ताट घेऊन चालत आली आणि म्हणाली, "हट तिकडं." चाची हसली, रडली, आणि लगोलग म्हणाली, "जा बाई, त्या पोरीला घेऊन ये."

वनिताबाई महाडातच एका खोलीत राहत. मी त्यांना घेऊन आले. त्या पुन्हा भिंतीच्या टोकाला बसल्या. चाचांनी नियमाप्रमाणे पहिल्यापासून लावलं. आता सगळं दिसत होतं. मागे निळा पडदा, एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत नवा शर्ट घातलेला पहिला माणूस. मग दुसरा. मी वनिताबाईंकडे बघितलं. त्यांचा पदर हळूहळू पुढे येत होता. तिसरा माणूस बोलू लागला, तेव्हा तो कपाळाखाली उतरला होता आणि मान पार खाली गेली होती. माझ्या काही ध्यानात आलं नाही. मला वाटलं, रडत असतील.

चाचांच्या मात्र ध्यानात आलं, कारण ते तोंडाकडे बघतच नसत. ते बघत होते वनिताबाईंच्या पायांकडे. पायाची बोटं आखडून सतरंजीत रुतली होती. ते तसेच थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी रिमोट उचलला आणि जे चार वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. कॅसेट मध्येच थांबवली. नखाने बटणांवरची काळी टेप खरवडून काढली. ती निघेना, तर दातांनी ओढली. रिमोट वनिताबाईंच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवला.

"हे चालू करायचं. हे मागं घ्यायचं. कितीदा पण घे," ते म्हणाले. "सासरा बाहेर चाललाय तुझा. चला बाई, चल गो. बाहेर काम हाय."

आम्ही तिघं बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दार चाचीने ओढून घेतलं. काम काहीच नव्हतं. चाचा दारातल्या चपला जुळवून ठेवू लागले. माझ्या, चाचीच्या, आणि वनिताबाईंच्या निळ्या रबरी चपला, ज्यांचा एक अंगठा तारेने शिवलेला होता.

आतून आवाज येऊ लागला. आबांना नमस्कार. म्हैस. पत्रा. फणस. मग ती शांतता. "आनि आबा, समदं दूध इकू नका. थोडं घरात ठिवा." "कोणासाठी रे?" आणि ते हसणं.

मग सगळं थांबलं. आणि पुन्हा तेच आलं. "थोडं घरात ठिवा." "कोणासाठी रे?" हसणं. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. किती वेळा, ते मी मोजलं नाही. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं. पाचव्या माणसाचा निरोप काही सुरू होईना. चाचीने नवऱ्याकडे बघितलं.

"मागं घेतेय," ती हळूच म्हणाली.

"घेऊ दे," चाचा म्हणाले. "बाकीची थांबतील."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. वनिताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पदर खांद्यावर होता. चाचांनी जुळवलेल्या चपला त्यांच्या पायांपुढे सरकवल्या आणि मग, कधी नाही ते, मान वर करून सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"बघितलंस, पोरी?"

"बगितलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या तोंडभर हसू होतं. "हासताना एक डोळा बारीक व्हतो वो त्यांचा, बाई. आन मी त्या पोराला जलमभर मारत आले, कुनावर गेलाय म्हून."